सहाचा सबग्रुप

आमच्या विभागात एक पद्धत होती. एम.एस्सी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने सत्रात एकदा फळ्यापाशी उभं राहून एक प्रमेय सगळ्यांना समजावून सांगायचं. हातात कागद न्यायचा नाही. कोणी घडी घालून मुठीत लपवलाच तर बीजगणिताच्या मॅडम हात पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "दे इकडे. कागद पाहून तर मलाही येतं."

मी उमरेडची. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. आजोबा हातमागावर बसायचे. बाबांच्या काळात माग गेला, तो जिथे होता तो खड्डा बुजवून वर फरशी बसवली. बाबा आता शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात आणि आई शिवणकाम करते. मी मराठी शाळेत शिकले, बी.एस्सी.ही गावातच केली, आणि एम.एस्सी.ला नागपूरच्या वसतिगृहात राहायला आले. गावात मी गणितात हुशार होते. नागपुरात आल्यावर कळलं, की हुशार मुली पुष्कळ असतात आणि त्यातल्या बऱ्याच इंग्रजीत हुशार असतात. वर्गात कोणी शंका विचारली की मला आधी शंकेचं भाषांतर करावं लागे. ते होईपर्यंत मॅडमचं उत्तर देऊन झालेलं असे.

पहिल्या वर्षाच्या फेब्रुवारीत, एका बुधवारी, या सेमिनारची माझी पाळी आली. त्याच सुमारास उमरेडच्या सरांचा निरोप आला होता. दहावीला मी त्यांच्याच क्लासमध्ये होते. त्यांचा क्लास आता मोठा झाला होता आणि दहावीच्या सुट्टीतल्या बॅचपासून त्यांना गणिताला कायमचं माणूस हवं होतं. "एम.एस्सी. करून तरी शेवटी शिकवायचंच ना? मग इथंच ये, आतापासूनच ये," असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचं नव्हतं, आणि सर माणूस चांगला. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. मी मनाशी ठरवून टाकलं, की सेमिनार चांगलं झालं तर नागपुरात राहायचं आणि फसलं तर सरांना हो म्हणायचं. हे फक्त माझ्या एका मैत्रिणीला माहीत होतं. ती कामठीहून रोज यायची. तिच्या घरात पॉवरलूम, त्यामुळे हळू बोलणं तिला ठाऊकच नव्हतं. तिला गुपित सांगायचं तर आधी मैदानात न्यावं लागे.

मी निवडलेलं प्रमेय साधं आहे आणि मला ते फार आवडायचं. गणितात ग्रुप म्हणजे काही हालचालींचा असा संच, की त्यातल्या कुठल्याही दोन हालचाली एकापाठोपाठ केल्या तर जे होतं तेही त्याच संचात असतं, आणि केलेली प्रत्येक हालचाल उलटी करून परत येता येतं. काहीच न करणं, हीही त्यातली एक हालचाल. अशा ग्रुपच्या पोटात कधी कधी एक छोटा ग्रुप असतो, जो आपल्यापुरता पूर्ण असतो. तो सबग्रुप. प्रमेय म्हणतं, की सबग्रुपच्या आकाराने, म्हणजे त्यातल्या हालचालींच्या संख्येने, मोठ्या ग्रुपच्या आकाराला निःशेष भाग जातो. बाराच्या ग्रुपमध्ये पाचाचा सबग्रुप असूच शकत नाही.

मी घड्याळाचं उदाहरण घेतलं. काटा एक तास पुढे, दोन तास पुढे, असं करत बारा हालचाली. त्यातल्या फक्त समसंख्येच्या घेतल्या तर सहा होतात. दोन तास पुढे, मग चार तास पुढे, की झाले सहा तास पुढे. बेरीज समच राहते, बाहेर जात नाही. मग मी सिद्धता सांगितली. सबग्रुपच्या प्रत्येक हालचालीला बाहेरची एक हालचाल जोडली, की त्याच मापाची दुसरी घडी तयार होते. पुन्हा उरलेली एखादी हालचाल घ्या, तिसरी घडी. कापडाच्या थानासारखं. सगळ्या घड्या एका मापाच्या, कुठली दुसरीवर चढत नाही आणि शेवटी तुकडा उरत नाही. माझा आवाज सुरुवातीला बसला होता, तो मोकळा झाला. मॅडम मान हलवत होत्या. मला वाटलं, राहिले मी नागपुरात.

आणि मग मी एक वाक्य जास्तीचं बोलले.

"मॅडम, याचा व्यत्यासही खरा आहे."

मॅडमची मान थांबली. "म्हणजे?"

"म्हणजे ज्या संख्येने भाग जातो, तेवढा सबग्रुप असतोच. बाराला सहाने भाग जातो, तर सहाचा असतोच."

"कुठे वाचलंस?"

"वाचलं नाही मॅडम. पण असतो ना."

"सिद्ध कर."

मी खडू धरून उभी राहिले. सिद्ध करायचं असतं हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्या शाळेच्या भूमितीत प्रत्येक प्रमेयानंतर त्याचा व्यत्यास यायचा. काटकोन त्रिकोणाचं प्रमेय, लगेच त्याचा व्यत्यास. समांतर रेषांचं प्रमेय, त्याचा व्यत्यास. चक्रीय चौकोनाचं, त्याचाही. आणि तो दर वेळी खरा निघायचा. बाई फळ्यावर प्रमेय लिहायच्या तेव्हा आम्ही खाली व्यत्यासासाठी जागा सोडून ठेवायचो. मराठी शाळेतून आलेल्या आम्हा मुलांच्या अंगात ते मुरलं होतं, की उमरेडहून नागपूरला एसटी येते म्हणजे नागपूरहून उमरेडला जाणारच.

मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "उमरेडच्या पुस्तकात असेल मॅडम."

वर्ग हसला. माझी मैत्रीण मागे वळून म्हणाली, "तुह्या पुस्तकाची तं अजून घडी मोडली नाही. चूप बस."

तेव्हा वर्ग आणखी हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या फळ्याजवळ आल्या, त्यावर चार तोंडांचा एक ठोकळा काढला, चारही तोंडं सारख्या बाजूंचे त्रिकोण. म्हणाल्या, "हा उचलून, फिरवून पुन्हा त्याच जागी बसवायचा. असं किती प्रकारे करता येईल?"

"बारा," मी म्हटलं.

"हाही बाराचा ग्रुप. घड्याळ सोड, यात सहाचा सबग्रुप दाखव. सापडला तर दाखव. नाही सापडला तर नाही हे सिद्ध कर. सोमवारी. तोपर्यंत तुझं सेमिनार अर्धं."

अर्धं! चांगलं झालं तर राहायचं, फसलं तर जायचं, एवढं मी ठरवलं होतं. अर्ध्याचं काय करायचं हे ठरवलेलं नव्हतं.

कँटीनमध्ये मैत्रिणीने दोन समोसे घेतले आणि माझ्यासमोर बसली.

"असं तोंड पाडून काहून बसली वं?"

"मी जाऊन राहिली उमरेडला. सरांना हो म्हणते."

"एवढ्यावरून?"

"सगळे हसले ना."

"मी बोलली म्हणून हसले. तुह्यावर तं थोडेसेच हसले होते." तिने समोसा उचलला. "आता रडून नको राहू, थंडा होऊन राहिला. अन् हे पाह्य, चार कोपरे. मॅडमचा ठोकळा हाच आहे. फिरव."

मी रडता रडता हसले. तिने एका कोपऱ्याला हिरवी चटणी लावली, दुसऱ्याला लाल, तिसऱ्याला सॉस, चौथा कोरा ठेवला. हिरवा कोपरा चिमटीत धरून समोसा फिरवला की बाकीचे तीन कोपरे जागा बदलायचे. दोनदा फिरवला, तिसऱ्यांदा फिरवताना कोपरा तुटला आणि बटाटा बाहेर आला.

"झाला तुहा ग्रुप," ती म्हणाली आणि बटाटा खाऊन टाकला.

शनिवारी दुपारी मी उमरेडला गेले. सरांना हो म्हणायचं हे जवळपास नक्की होतं. ठोकळ्याचा प्रश्न सोडवायचा तो केवळ मॅडमचं देणं राहू नये म्हणून, आणि सहाचा सबग्रुप काढून दाखवला की त्या मुलाचं तोंड बंद होईल म्हणून. तो असणार याबद्दल मला शंका नव्हती.

आई घरापुढच्या छपरीत मशीनवर बसली होती. उरलेल्या कापडाचे ती छोटे बटवे शिवते. कापडाची नळी करायची, एक टोक आडवं शिवायचं, चेन लावून दुसरं टोक उभं, की आपोआप चार कोपऱ्यांचा बटवा होतो. बायका त्याला समोसा पर्सच म्हणतात. मी म्हटलं, "मला एक भरून दे, घट्ट. आणि चारी कोपऱ्यांना वेगळ्या रंगाचा गोंडा लाव."

"कोणासाठी?"

"सोमवारी मॅडमला दाखवायचंय."

"मॅडमले चिंध्या भरून देतं का कोणी? थांब, कापूस भरून देते."

"देणार नाही, दाखवणार आहे."

"मंग तं अजून चांगला पाहिजे. लोकाईच्या नजरेले पडते." तिने आतून नवा कापूस आणला. गोंडे लाल, पिवळा, हिरवा आणि काळा. काळा तिला आवडला नाही. तिने तो उसवून पांढरा लावला.

संध्याकाळी बाबा व्हॅन लावून आले. हातपाय धुतले आणि माझ्याजवळ बसले.

"सर भेटले होते. सोमवारी फोन करतो म्हणाले तुले."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणलं, पोरीलेच विचारा. मले काय समजते त्यातलं." मग म्हणाले, "तुले तिथं करमत नाही का?"

"करमतं. पण मला येत नाही, बाबा."

"काय येत नाही?"

याचं उत्तर द्यायला बसले तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी बटवा दाखवला. "याला फिरवायच्या बारा रीती आहेत. त्यातल्या सहा निवडायच्यात, त्या सापडत नाहीत."

बाबांनी बटवा हातात घेतला, उलटासुलटा पाहिला, परत दिला. "हे आपल्या डोक्याबाहेरचं आहे, बापा. पण सरांचं म्हणशील तं क्लास कुठं जाऊन नाही राहिला. आताही आहे अन् दोन वर्षांनीही आहे. तू एका दुपारच्या रागावर नको ठरवू."

मी म्हटलं, राग नाही. पण होता.

रविवारी सकाळी मी बटवा घेऊन छपरीत बसले. बारा हालचाली आधी नीट मांडल्या. एक, काहीच न करणं. मग एकेक कोपरा धरून बाकीचे तीन फिरवणं. प्रत्येक कोपरा डावीकडे किंवा उजवीकडे, म्हणून चार कोपऱ्यांच्या आठ. आणि समोरासमोरच्या दोन कडांच्या मधोमध बोटं ठेवून अर्धा फेरा देणं, तशा तीन. एकूण बारा.

आता यातून सहा निवडायच्या, अशा की कुठल्याही दोन एकापाठोपाठ केल्या तरी सहाच्या बाहेर जाता कामा नये. मी लाल कोपरा धरला. डावीकडे, उजवीकडे आणि काहीच न करणं, झाले तीन. हे तीन आपापसांत पूर्ण होते. आता आणखी तीन हवे. एक अर्धा फेरा घेतला. लाल कोपरा फिरवून मग अर्धा फेरा दिला, तर पिवळा कोपरा फिरवल्यासारखं झालं. म्हणजे पिवळाही आत घ्यावा लागला. पिवळा आला तर त्याची उलटी बाजूही आली. पिवळा आणि लाल मिळून हिरवा आला. हिरव्याने पांढरा आणला. लग्नाला चुलत घरातल्या एकाला बोलावलं की सगळी भावकी येते, तसं झालं. सहा मागवले आणि बारा येऊन बसले.

पुन्हा केलं. पिवळ्यापासून सुरुवात केली, हिरव्यापासून केली. दोन कोपरे घेतले. दर वेळी बाराच. फक्त अर्धे फेरे घेतले तर तीन आणि काहीच न करणं मिळून चारांचा छान ग्रुप झाला, पण त्यात एकही जास्तीची हालचाल घातली की पुन्हा पूर बारापर्यंत. दोनाचा मिळत होता. तिनाचा मिळत होता. चाराचा मिळत होता. सहाचा मात्र नाही.

आई मधून मधून पाहत होती. "सकाळपासून काय फिरवून राहिली वं? शिवण उसवेल ना."

मी चिडले, आणि चिडले ती स्वतःवर. मला वाटत होतं, मी कुठेतरी चुकते आहे. दुसऱ्या कोणी, त्या मागच्या बाकावरच्या मुलाने, हा सबग्रुप केव्हाच काढला असता. नागपुरात आल्यापासून मला हेच शिकायला मिळालं होतं असं मला वाटायचं. जे मला समजलं नाही ते मला येत नाही म्हणून. जे सापडलं नाही ते माझ्या नजरेत कमी आहे म्हणून. वस्तूच तिथे नसेल, हा विचार मनात यायला रविवारची दुपार उजाडली. मॅडमने तर तो आधीच सांगून ठेवला होता, 'नाही सापडला तर नाही हे सिद्ध कर.' मी ते वाक्य ऐकलं होतं, पण ते माझ्यासारखीसाठी नाही असं धरलं होतं.

जेवण झाल्यावर मी उलटं धरून पाहिलं. समजा, सहाचा सबग्रुप आहे. मग बाराची सरळ दोन अर्धी होतात, सहा आतले आणि सहा बाहेरचे. आता बाहेरची एखादी हालचाल दोनदा केली तर कुठे पडेल? बाहेरची घडी म्हणजे तीच बाहेरची हालचाल प्रत्येक आतल्या हालचालीला जोडून तयार झालेली. तिला दोनदा करून जर बाहेरच पडलो, तर 'बाहेरची आणि पुन्हा तीच' हे 'बाहेरची आणि एक आतली' याच्याइतकं झालं. दोन्हीकडून बाहेरची काढून टाका. उरतं ते असं, की ती बाहेरची स्वतःच आतली होती. हे होऊ शकत नाही. म्हणजे दोनदा केलं की आतच पडायला हवं. आतली दोनदा केली तर ती आत पडणारच. तेव्हा कुठलीही हालचाल घ्या, दोनदा करा, आत.

मी लाल गोंडा धरला. डावीकडे फिरवला, पुन्हा डावीकडे फिरवला. तो जिथे आला तिथे उजवीकडे एकदा फिरवूनही आला असता. म्हणजे उजवीकडची हालचाल ही डावीकडची दोनदा केलेली. म्हणजे ती आत. तसंच डावीकडची ही उजवीकडची दोनदा केलेली, म्हणून तीही आत. पिवळ्याचं तेच, हिरव्याचं तेच, पांढऱ्याचं तेच. कोपऱ्यांच्या आठही हालचाली आत हव्यात. आणि आत जागा सहा.

मी उठून उभीच राहिले. "आई, नाहीच!"

आई मशीन थांबवून धावत आली. "काय हरपलं वं?"

"हरपलं नाही. ते नव्हतंच."

"मंग कालपासून काय शोधून राहिली होती?"

मी हसायला लागले. तीही हसली, पण तिला खरंच कळलं नव्हतं की आनंदाचं काय झालं. तिने चहा ठेवला. मी बाबांना फोन केला. रविवारी ते व्हॅनमधून कोणाला तरी लग्नाला घेऊन गेले होते. मी म्हटलं, "बाबा, त्या सहा नाहीतच. मी सिद्ध केलं." मागे बँड वाजत होता. ते मोठ्याने म्हणाले, "नाहीत तं नाहीत! तू जेवली का?"

सोमवारी पहिल्या एसटीने निघाले. वर्गात फळ्यापाशी उभी राहिले आणि बटवा हातात घेतला. कोणी हसेल असं वाटलं होतं. उलट पुढचे दोघे नीट दिसावं म्हणून सरकून बसले. मी आधी सांगितलं, की बुधवारी मी जे म्हणाले ते चूक होतं. मग सिद्धता मांडली. इंग्रजीत सुरुवात केली, मध्येच मराठीत गेले, परत इंग्रजीत आले. मॅडमने कुठे थांबवलं नाही.

मागच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. "दोनदा केलं की आतच का पडतं? ते पुन्हा सांग ना."

त्याच्या विचारण्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखर समजलं नव्हतं. मी पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश. तो फळ्यावरची ओळ पुटपुटत वाचून गेला आणि म्हणाला, "अरे हां. भारी आहे." मग वहीत उतरवून घेऊ लागला. माझं बोलणं नागपुरात पहिल्यांदाच कोणीतरी लिहून घेत होतं.

मॅडमने बटवा मागून घेतला. गोंडे धरून दोन-तीनदा फिरवला. "कोणी शिवला?"

"आईने."

"शिवण पक्की आहे." मग त्या म्हणाल्या, "सेमिनार पूर्ण. आता मला सांग, यात दोनाचा सापडला, तिनाचा सापडला, चाराचाही सापडला. सहाचा नाही. मग व्यत्यास पूर्ण खोटा म्हणायचा, का काही संख्यांसाठी तो नेहमीच खरा ठरतो?"

"माहीत नाही मॅडम," मी म्हटलं.

हे वाक्य मी नागपुरात मनात कितीदा म्हटलं असेल. मोठ्याने म्हटलं तेव्हा ते फार हलकं निघालं. मॅडमही ते ऐकून खूश झाल्यासारख्या दिसल्या. "मलाही तुझ्या वयात माहीत नव्हतं. शोध."

आज मी स्वतः एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर बीजगणित शिकवते. दर वर्षी वर्गात कोणीतरी उभं राहतं आणि तेच म्हणतं, की सहाचा असतोच. मी हसत नाही आणि वर्गालाही हसू देत नाही. त्या मॅडमनी मला तेव्हाच सरळ उत्तर सांगून टाकलं असतं तर त्यांची पाच मिनिटं वाचली असती, आणि मी दुसऱ्या दिवशी सामान बांधलं असतं. त्यांनी मला उत्तराऐवजी रविवार दिला. त्याची परतफेड कशी करायची हे मला अजून कळलेलं नाही. मी फक्त माझ्या विद्यार्थ्यांना त्यांचे रविवार देते. त्यांना ते नेहमीच आवडतं असं नाही.

त्या सोमवारी दुपारी सरांचा फोन आला. मी मैदानाच्या कडेला जाऊन घेतला.

"मग? कधीपासून येतेस?"

"सर, आत्ता नाही येत."

"काहून? तिथं काही नोकरी लागली का?"

"नाही सर. एक प्रश्न घेतलाय मॅडमकडून."

"किती दिवसांचा आहे?"

"तेच माहीत नाही."

मला वाटलं, सर रागावणार. पण ते म्हणाले, "सुट्टीत तरी ये. पोट्ट्याईले सांगशील काहीतरी. आपल्या क्लासची पोट्टी नागपुरात शिकते म्हणून त्याईलेही बरं वाटते."

"येईन सर. नक्की येईन."

फोन ठेवला तेव्हा मैत्रीण शेजारीच उभी होती. तिने माझी पिशवी उचलली आणि ती ग्रंथालयाकडे चालू लागली. आम्ही खिडकीजवळच्या टेबलावर बसलो आणि आधी दहाचा ग्रुप घेतला. पंचकोन फिरवायच्या आणि उलटवायच्या रीती. पाचाचा सबग्रुप सापडला, दोनाचाही सापडला. मग सहाचा ग्रुप घेतला, त्रिकोणाचा. दोनाचा आणि तिनाचा, दोन्ही सापडले.

"मूळ संख्या असली की सापडून राहिला, पाह्य," ती म्हणाली. "दोन, तीन, पाच."

"दोन उदाहरणांवरून नको म्हणू. बुधवारी मी तेच केलं होतं."

"मंग अजून घे."

बाहेर ऊन कडक होऊ लागलं होतं आणि कोणीतरी कूलरचं बटण दाबून तो चालतो का हे पाहत होतं. मी कोरा कागद पुढे ओढला, वर चौदा लिहिलं, आणि सप्तकोन काढायला घेतला.